जुन्या शिरगणतीवर चालणारा जिल्हा

परभणी जिल्ह्याची लोकसंख्या किती, हा प्रश्न लोकसभेत विचारा, विधानसभेत विचारा किंवा जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत विचारा. अधिकृत उत्तर एकच मिळते: 18 लाख 36 हजार 86. हा आकडा 1 मार्च 2011 सुरू झाला त्या मध्यरात्रीचा आहे. त्या दिवशी जन्मलेले मूल आज दहावीच्या वयाचे झाले, पण शासनाच्या दप्तरी जिल्हा त्याच मध्यरात्रीवर थांबलेला आहे. 1881 पासून, म्हणजे परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती तेव्हापासून, दर दहा वर्षांनी इथली माणसे मोजली गेली. दुसरे महायुद्ध सुरू असताना 1941 मध्येही ती मोजली गेली. 2021 ची जनगणना मात्र करोनामुळे पुढे ढकलली गेली आणि नंतर ढकललीच जात राहिली. 16 जून 2025 च्या अधिसूचनेने आता 1 मार्च 2027 ही नवी संदर्भ तारीख ठरली आहे. दोन मोजण्यांमध्ये नेमकी सोळा वर्षे.

लोकसंख्येवर दिल्लीत होणारी चर्चा आणि परभणीसारख्या जिल्ह्याचा प्रत्यक्ष अनुभव यांच्यात फार मोठे अंतर पडले आहे, हे मला या लेखात दाखवायचे आहे. संसदेत लोकसंख्येचा विषय निघाला की बहुतेक वेळा ‘माणसे फार झाली’ या सुरात निघतो. परभणीची अडचण वेगळी आहे. इथल्या माणसांची नीट मोजदादच झालेली नाही, आणि जुन्या मोजणीवर रेशन, दवाखाना, शाळा, पेन्शन यांचे वाटप चालू आहे.

संसदेच्या सुराचा इतिहास मोठा आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा लहान नाही. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचा संततिनियमनाचा ठराव पी. जे. रोहम यांनी मांडला. सरकारने लोकांना संततिनियमनाची माहिती आणि साधने पुरवावीत, अशी ती मागणी होती. ठरावाच्या बाजूने 11 मते पडली, विरोधात 52. त्या मागणीच्या मध्यभागी स्त्रीचे आरोग्य आणि गरिबाचा संसार होता. पुढच्या चाळीस वर्षांत हा मध्य सुटला आणि आकडा तेवढा उरला. एप्रिल 1976 च्या राष्ट्रीय लोकसंख्या धोरणाने राज्यांना मिळणाऱ्या केंद्रीय योजना साहाय्यापैकी 8 टक्के रक्कम कुटुंबनियोजनाच्या कामगिरीला जोडली. त्याच वर्षी शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून तो कायदा झाला नाही. मुख्यमंत्री मराठवाड्याचेच होते, हेही नोंदवून ठेवायला हवे.

त्यानंतर 1992 मध्ये राज्यसभेत 79 वे घटनादुरुस्ती विधेयक आले: दोनपेक्षा जास्त अपत्ये असणाऱ्याला खासदार किंवा आमदार होता येणार नाही. ते कधीच मंजूर झाले नाही. महाराष्ट्रात मात्र 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे अपत्य झाले तर ग्रामपंचायत सदस्य आणि सरपंच अपात्र ठरतो, आणि 2005 च्या नियमांनी सरकारी नोकरीलाही तीच अट लागली. याचा अर्थ पालम तालुक्यातल्या एखाद्या गावच्या सरपंचबाईला जी अट लागू आहे, ती तिच्या खासदाराला लागू नाही. संसदेने स्वतःसाठी जे नाकारले ते गावावर लादणे मला अन्यायाचे वाटते. या अटीने राखीव जागेवर प्रथमच निवडून आलेल्या किती तरुण बायकांची पदे गेली असतील. घरात किती मुले व्हावीत हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्या हातात होता असे कोण म्हणेल? फेब्रुवारी 2020 मध्ये शिवसेनेचे महाराष्ट्रातले खासदार अनिल देसाई यांनी राज्यसभेत छोट्या कुटुंबाला सवलती आणि मोठ्या कुटुंबाच्या सवलती बंद, अशा आशयाचे खासगी घटनादुरुस्ती विधेयक मांडले. राज्यसभेतलेच खासदार राकेश सिन्हा यांचे 2019 चे लोकसंख्या नियमन विधेयकही त्याच वळणाचे. एप्रिल 2022 मध्ये आरोग्यमंत्री मनसुख मांडवीय यांच्या उत्तरानंतर ते मागे घेतले गेले.

ही विधेयके मांडली जात होती त्याच काळात पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे निष्कर्ष आले. 2019-21 च्या या पाहणीत महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर 1.7 निघाला. आईवडिलांची जागा भरून काढायला 2.1 लागतात. दोन अपत्यांची सक्ती ज्या राज्यावर करायची, त्या राज्यात बायका सरासरी दोनपेक्षा कमी मुलांना जन्म देत होत्या.

मग परभणी वाढली कशी? 2001 मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या 15 लाख 27 हजार 715 होती. दहा वर्षांत ती 20 टक्क्यांहून थोडी अधिक वाढली. राज्याची वाढ तेव्हा 16 टक्के होती. सरासरीहून ही जास्तीची वाढ कुठून आली, याचे एक उत्तर त्याच आरोग्य पाहणीत सापडते. 20 ते 24 वयाच्या विवाहित-अविवाहित सगळ्या स्त्रियांना विचारले गेले की तुमचे लग्न अठराच्या आत झाले का. महाराष्ट्रात 21.9 टक्के जणींचे झाले होते, परभणीत 48 टक्के जणींचे. राज्यातला हा सर्वांत मोठा आकडा. शेजारचा बीड 43.7 टक्क्यांवर होता.

या आकड्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण लोकसंख्येचा सगळा प्रश्न यात येतो. समजा प्रत्येकीला दोनच मुले झाली. आई आणि मुलीच्या वयात सतरा वर्षांचे अंतर असेल तर अडुसष्ट वर्षांत चार पिढ्या होतात. तेवीस वर्षांचे असेल तर जवळपास तेवढ्याच काळात तीन. मुलांची संख्या तीच राहूनही एका वेळी घरात जिवंत असणारी माणसे वाढतात. याखेरीज लहान वयातले बाळंतपण, रक्तक्षय, कमी वजनाचे मूल, अर्धवट राहिलेली शाळा हे सगळे मागोमाग येते. परभणीत वाढ रोखायची असेल तर तिसरे अपत्य मोजत बसण्यापेक्षा सोळाव्या वर्षीचे लग्न थांबवणे हा सरळ मार्ग आहे.

संसदेपर्यंत हा विषय गेला नाही असे नाही. 21 डिसेंबर 2021 रोजी तत्कालीन महिला व बालविकास मंत्री स्मृती इराणी यांनी लोकसभेत बालविवाह प्रतिबंध दुरुस्ती विधेयक मांडले. मुलींच्या लग्नाचे किमान वय 18 वरून 21 करण्याचा प्रस्ताव होता. विधेयक स्थायी समितीकडे गेले आणि 2024 मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली तसे तेही व्यपगत झाले. त्याच्या बाजूने आणि विरोधात खूप लिहिले गेले. परभणीच्या नजरेने पाहिले तर प्रश्न साधा होता: जिथे अठराची मर्यादा जवळपास निम्म्या मुलींच्या बाबतीत पाळली गेली नाही, तिथे एकवीसची मर्यादा कागदावर आणून काय साधले असते? कायद्याने बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून गावात नेमलेला माणूस आहे ग्रामसेवक. त्याच्याकडे दोन-दोन गावांचा कारभार, घरकुलांच्या याद्या, पाणीपट्टी, आणि त्यातच वऱ्हाड दारात उभे असताना लग्न मोडायचे काम. मदतीला अंगणवाडी सेविका. तीही त्याच गावची सून. तक्रार कोणी केली हे संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळते.

लग्ने लवकर का होतात, याची कारणे गावात कोणालाही विचारली तरी तीच ऐकू येतात. गावात सातवीपर्यंत शाळा, पुढे तालुक्याला जायचे. एसटीची वेळ जुळत नाही. मुलगी मोठी झाली, घरात कोणी नाही, जबाबदारी कोण घेणार. या शेवटच्या वाक्यामागे ऊसतोड आहे. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवरून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या तरुणाला अर्धा कोयता धरतात. मुलाचे लग्न झाले की घराचा एक पूर्ण कोयता वाढतो आणि उचलही वाढते. मुलीच्या आईबापांना ती मागे ठेवायची भीती, आणि मुलाच्या घराला कोयता पुरा करायची घाई, अशा दोन्ही बाजूंनी लग्न जवळ ओढले जाते. कोणताही कायदा या हिशेबात हात घालत नाही तोवर त्याचा धाक गावात पोहोचणार नाही. मुलींसाठी हंगामी वसतिगृह आणि वेळेवर येणारी बस यांनी जे होते ते दंडाच्या कलमाने होत नाही. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसने मराठवाड्यातल्या कितीतरी मुलींना दहावीपर्यंत नेले, ही या विषयातली खरी चांगली बातमी आहे. तिच्या फेऱ्या वाढाव्यात म्हणून दिल्लीत किंवा मुंबईत कोणी सभात्याग केल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता पुन्हा जनगणनेकडे, तिच्या मोजणीतल्या एका त्रुटीकडे येतो. तिच्यावर फार कमी लिहिले गेले आहे आणि परभणीला तिचा फटका थेट बसतो. भारताच्या जनगणनेत माणसांची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारीत होते. 2011 मध्ये ती 9 ते 28 फेब्रुवारी या काळात झाली. नियम असा की या वीस दिवसांत जो माणूस आपल्या नेहमीच्या घरी मुळीच नव्हता आणि परतणारही नव्हता, त्याला तो जिथे सापडेल तिथे मोजायचे. फेब्रुवारी म्हणजे गाळप हंगामाचा ऐन भर. प्रगणक गुरुजी तांड्यावर गेले तेव्हा दारांना कुलपे होती, किंवा ओट्यावर म्हातारे आईबाप आणि दोन नातवंडे. मधली पिढी सांगली-कोल्हापूरकडे, बेळगावकडे फडात. कोपीत राहणारी ती माणसे तिथे मोजली गेली असतील तर त्या जिल्ह्याच्या खात्यात गेली. मोजली गेली नसतील तर कुठेच नाहीत. दोन्ही प्रकारे परभणीच्या 18 लाख 36 हजारांत ती नाहीत. पण वर्षाचे उरलेले महिने ती परभणीतच राहतात. त्यांचे मतदान इथे, रेशनकार्ड इथे, बाळंतपण बहुधा इथे, म्हातारपण तर इथेच.

यावर कोणी म्हणेल, थोड्या हजारांचा फरक आहे, त्याचे काय एवढे. फरक जिल्ह्याच्या बेरजेत लहान दिसेल, पण तांड्याच्या बेरजेत फार मोठा आहे. उपकेंद्र मिळायला मैदानी भागात 5,000 लोकसंख्या लागते, प्राथमिक आरोग्य केंद्राला 30,000, अंगणवाडीला साधारण 400 ते 800. ज्या गावातली तिसरा हिस्सा माणसे मोजणीच्या दिवसांत बाहेर असतात, ते गाव प्रत्येक निकषाला थोडे थोडे कमी पडते. सेवेची सर्वांत जास्त गरज असलेली गावेच कागदावर लहान होतात.

आरोग्याच्या निकषांवर साधा हिशेब करून पाहू. 2011 मध्ये जिल्ह्याची सुमारे 69 टक्के लोकसंख्या ग्रामीण होती, म्हणजे साडेबारा लाखांच्या वर. 30,000 ला एक या हिशेबाने तेव्हाच 42 प्राथमिक आरोग्य केंद्रे हवी होती. त्यानंतर जिल्हा आधीच्या दशकाच्या निम्म्या वेगाने जरी वाढला असे धरले, तरी पंधरा वर्षांत पावणेतीन लाख माणसांची भर पडते. हा माझा अंदाज आहे, अधिकृत आकडा नाही. या अंदाजातली सगळी माणसे खेड्यात राहत नसली, तरी त्यांच्यासाठी नऊ केंद्रांइतकी व्यवस्था लागेल. ती मागायची कशाच्या आधारावर? मागणीच्या अर्जावर लोकसंख्येचा रकाना असतो आणि त्यात 2011 चाच आकडा भरावा लागतो.

इमारत आली म्हणजे डॉक्टर आला असेही नाही. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही इथली जुनी म्हण बाहेरचे लोक हसण्यावारी नेतात. जिल्ह्यात बदलीवर यायला नाखूश असलेल्या नोकरवर्गाची ती जुनी ओळख आहे आणि रिकाम्या खुर्च्यांच्या रूपाने जिल्ह्याने तिची किंमत मोजली आहे. गंभीर रुग्णाला पुढे पाठवायचे तर नांदेड, अंबाजोगाई किंवा छत्रपती संभाजीनगरचे (पूर्वीचे औरंगाबाद) घाटी रुग्णालय. घाटी दोनशे किलोमीटरच्या आसपास. ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात 24 रुग्णांचे मृत्यू झाले, त्यात 12 नवजात होते. सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या परिघातले हे एकच मोठे रुग्णालय आहे आणि शेजारच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात, असे त्या वेळी रुग्णालयाकडून सांगितले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या घटनेत जबाबदारी कोणाची याची चर्चा झाली ती योग्यच झाली. पण एका जिल्ह्यासाठी उभारलेल्या व्यवस्थेवर तीन जिल्हे विसंबून असतील तर खाटा कशाच्या हिशेबाने ठरवल्या, हे कोणी विचारले नाही. परभणीला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वर्षानुवर्षांच्या मागण्या आणि आंदोलनांनंतर 2023-24 मध्ये 100 जागांनिशी सुरू झाले. ते पूर्ण ताकदीने उभे राहायला अजून काळ जाईल, आणि त्यावर सतत लक्ष ठेवणे हे पक्षापलीकडचे काम आहे.

रेशनचा विषय याहून सरळ आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातल्या 75 टक्के आणि शहरी भागातल्या 50 टक्के लोकांना धान्याचा हक्क दिला. किती लोक, हे कलम 9 प्रमाणे प्रसिद्ध झालेल्या जनगणनेवर ठरते. त्यामुळे देशाचा आकडा 81.35 कोटींवर आणि महाराष्ट्राचा 7 कोटी 16 हजारांवर गोठला. राज्याच्या कोट्यातून तो जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून दुकानाला येतो. नव्या सुनेचे नाव कार्डावर चढवायला गेले की इष्टांक शिल्लक नाही असे उत्तर तहसीलमध्ये मिळते. कोणाचे नाव मृत्यूने किंवा स्थलांतराने कमी झाले तरच जागा होते. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरात दहा कोटींहून अधिक माणसे अशी बाहेर राहिल्याचा अंदाज मांडला. सर्वोच्च न्यायालयाने 2021 च्या स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणात हा कोटा नव्याने ठरवण्याबाबत केंद्राला सांगितले. जनगणना होईपर्यंत काही करता येत नाही, ही केंद्राची भूमिका राहिली; आणि जनगणना होत नव्हती. परभणीला यात आणखी एक तोटा झाला. शेतकरी आत्महत्यांमुळे निवडलेल्या चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना 2015 पासून दोन-तीन रुपयांनी धान्य मिळत होते, त्यात परभणी होती. 2023 मध्ये धान्य थांबले आणि त्याऐवजी माणशी महिना 150 रुपये खात्यात देण्याचा निर्णय झाला. 150 रुपयांत पाच किलो धान्य बाजारात येत नाही, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

म्हाताऱ्यांच्या पेन्शनचा हिशेब तर याहूनही जुन्या आकड्यांवर उभा आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत 60 ते 79 वयाच्या लाभार्थ्याला केंद्र महिन्याला 200 रुपये देते. 2007 पासून ही रक्कम बदललेली नाही. संसदेच्या ग्रामविकास स्थायी समितीने ती अपुरी असल्याचे पुन्हा पुन्हा लिहिले. लाभार्थ्यांची कमाल संख्या 2001 च्या जनगणनेवर बांधलेली आहे. राज्य सरकार श्रावणबाळ योजनेतून भर घालते आणि 2023 पासून एकूण 1,500 रुपये मिळतात, म्हणून महाराष्ट्रातल्या वृद्धांची अवस्था बिहारहून बरी. पण प्रजनन दर घसरत आहे आणि तरुण पुणे-चाकण-रांजणगावला जात आहेत, अशा जिल्ह्यात पुढची वीस वर्षे म्हाताऱ्यांची आहेत. त्यांच्यासाठी कोणती योजना आहे, असे विचारणारा आवाज दोन्ही सभागृहांत क्षीण आहे.

शाळांत याच बदलाची दुसरी बाजू दिसते. मुले कमी होत आहेत. 2023 मध्ये राज्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे समूह शाळांत रूपांतर करण्याचा विचार पुढे केला, आणि 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या निर्णयाने शिक्षकांची पदे पटाला आणखी घट्ट बांधली. इथेही ऊसतोडीचा काळ आड येतो. पट नोव्हेंबरनंतर उतरतो, एप्रिलमध्ये चढतो. तांड्यावरची शाळा आणखी चार किलोमीटर लांब गेली की आधी मुलगी गळते, आणि ती गळाली की 48 टक्क्यांच्या रांगेत एक वाढते. शाळा बंद करून वाचवलेला एका शिक्षकाचा पगार राज्याला पुढे किती पटीने भरावा लागेल, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

मागासपणाच्या यादीचाही एक अनुभव जिल्ह्याच्या गाठीला आहे. जानेवारी 2018 मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्हे निवडले तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशीम, उस्मानाबाद आणि गडचिरोली आले. पुढे बालविवाहात राज्यात पहिला निघालेला परभणी त्यात नव्हता. अनुच्छेद 371(2) नुसार 1994 मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. ते पुन्हा स्थापन करावे असा ठराव राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2022 मध्ये केला. दांडेकर समितीने 1984 मध्ये विकासाचा अनुशेष मोजून दिला, केळकर समितीने 2013 मध्ये पुन्हा अभ्यास केला. मंडळ होते तेव्हा सगळे सुटले असे नव्हे, पण विभागवार आकडे दरवर्षी मांडण्याची एक घटनात्मक जागा होती.

प्रतिनिधित्वाबद्दल थोडक्यात. 1976 च्या 42 व्या आणि नंतरच्या 84 व्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या राज्यवार जागा 1971 च्या लोकसंख्येवर गोठवल्या. तेव्हा महाराष्ट्रात एका खासदारामागे साडेदहा लाख माणसे होती, 2011 मध्ये 23 लाखांहून अधिक. 2024 मध्ये परभणी मतदारसंघात एकवीस लाखांवर नुसते मतदार होते. त्यात जालना जिल्ह्यातले परतूर आणि घनसावंगी येतात, त्यामुळे खासदाराचा मतदारसंघ एक आणि ज्या जिल्ह्याचे आकडे तो मागतो तो दुसरा. 2023 च्या 106 व्या घटनादुरुस्तीने महिलांचे आरक्षणही पुढच्या जनगणनेशी आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी जोडले. जागांच्या वाटपावर उत्तर-दक्षिण वाद रंगेल तेव्हा परभणीसारख्या जिल्ह्याने आपले म्हणणे आधी तयार ठेवायला हवे.

पाठपुरावा केला तर काही पदरात पडते, याचे उदाहरण रेल्वेचे. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा मार्ग निजामाच्या काळात 1900 च्या सुमारास आला. मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला, परभणी-मुदखेड दुहेरी झाला, पण औरंगाबाद ते परभणी एकेरीच राहिला. 31 जुलै 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 177 किलोमीटरच्या या टप्प्याच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. सर्व पक्षांच्या खासदारांनी, प्रवासी संघटनांनी वर्षानुवर्षे तेच एक वाक्य लावून धरले होते. वैद्यकीय महाविद्यालयाचेही तसेच.

तशीच एक मागणी आता तातडीने करायची आहे. येणारी मोजणीही फेब्रुवारीतच होणार, म्हणजे टोळ्या पुन्हा फडातच असणार. मात्र या वेळी एक सोय आहे. घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर 2026 या काळातला, तेव्हा ऊसतोड कुटुंबे गावी असतात. घरयादीत माणसांनी भरलेले घर आणि फेब्रुवारीत कुलूप लागलेले घर, या दोन नोंदी गाववार ताडून पाहिल्या तर हंगामी स्थलांतराचा पहिला विश्वसनीय आकडा देशाला मिळू शकतो. मोजणी डिजिटल असल्याने हे अवघड नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी ग्रामसेवकांमार्फत झालेली नोंदणी आणि कारखान्यांकडच्या टोळ्यांच्या याद्याही जोडीला घेता येतील. हे आकडे वेगळे प्रसिद्ध करावेत आणि उपकेंद्र, अंगणवाडी, रेशन, संचमान्यता ठरवताना ते मूळ गावच्या खात्यात धरावेत, एवढी मागणी परभणी, बीड, हिंगोली, जालन्याच्या खासदारांनी एकत्र येऊन लोकसभेत करावी. मोजणी संपल्यावर विचारलेल्या प्रश्नाला पुन्हा पुढच्या दशकाचे उत्तर मिळेल. गंगाखेड, पालम, सोनपेठ आणि जिंतूरच्या सरपंचांनी खासदारांची वाट पाहू नये. टोळ्या निघण्याआधीच्या ग्रामसभेत कोण कुठल्या कारखान्यावर चालले आहे, घरात मागे कोण राहते आहे, याची यादी करून ती ठरावासह तहसीलदारांकडे द्यावी आणि पोच घ्यावी.